आत्याची वही

(रहाटणी इथं संघाच्या मासिक सभेत केलेलं हे बोलणं आहे. सभेनंतर बऱ्याच जणींनी ‘हे लिहून द्या, आमच्या गटात वाचू’ असं म्हटलं, म्हणून इथं देतेय. बोलताना आलं तसंच ठेवलंय.)



विषयपत्रिकेवर माझ्या नावापुढं ‘विमा व वारस नोंद – माहिती’ असं लिहिलंय. ती माहिती मी देणारच आहे, पळून जाणार नाही. पण आधी माझ्या आत्याबद्दल बोलायचंय. इथल्या निम्म्या जणी तिला ओळखत होत्या. मावळातल्या आणि चाकणकडच्या ताईंनी तिला बघितलं नसेल, पण तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी खाल्ली असेल. मागच्या दोन्ही मेळाव्यांचं जेवण तिच्याच गटाकडं होतं.

तिला जाऊन अकरा महिने झाले. इतके दिवस मी तिच्याबद्दल चारचौघींत बोलले नव्हते. तुमच्या गटात कुणाचं कुणी गेलं की मी येते, बसते, सांत्वन करते. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला तेही शिकवतात, शोकात असलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते. परीक्षेत मला त्यात चांगले मार्क होते. स्वतःच्या घरात मात्र त्यातलं एक अक्षर कामाला आलं नाही.

आमचं मूळ गाव भूम तालुक्यातलं. आत्याचे मालक विहिरीच्या कामावर होते, दरड कोसळून गेले. तेव्हा आत्या तीस वर्षांची आणि माझा भाऊ, म्हणजे तिचा मुलगा, एक वर्षाचा. सासरी राहायचं तर दिराच्या संसारात, माहेरी यायचं तर आमच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत. ती तिसरीकडंच निघाली. गावातली एक बाई काळेवाडीला धुण्याभांड्याची कामं करायची, तिच्या मागं लेकराला काखेत घेऊन आली आणि रहाटणीत एक खोली घेतली. तेव्हा इथं नदीच्या बाजूला शेतं होती म्हणायची. आता तुम्ही बघताच, टॉवर आणि त्यांच्या मधून मधून आमच्या चाळी.

कामाच्या घरी एका पोरानं विचारलं, मावशी डबा द्याल का? तीन डब्यांनी सुरुवात झाली. गेली तेव्हा शेहेचाळीस डबे होते. चाकणच्या कंपनीत पाळीवर जाणारी पोरं, हिंजवडीला कॉम्प्युटरवर बसणारी पोरं, स्पर्धा परीक्षेची दोन. माझी बी.ए.ची आणि नंतर एम.एस.डब्ल्यू.ची फी त्या डब्यांतून गेली. बारावीनंतर मी तिच्याकडं आले ती सात वर्षं तिच्याच खोलीत राहिले. माझी आई गावाकडं आहे, चांगली आहे, पण मला वाढवलं कुणी म्हणाल तर दोघींनी.

आता त्या रात्रीचं सांगते. हे सांगायला मला अकरा महिने लागले, तर मध्ये कुणी ‘जाऊ दे पोरी’ म्हणू नका.

तुकोबांची पालखी आदल्या दिवशी आकुर्डीला मुक्कामाला होती. गटातल्या सगळ्यांनी मिळून वारकऱ्यांना पिठलं-भाकरी दिली. आत्यानं एकटीनं किती भाकऱ्या थापल्या माहीत नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे डबे. रात्री साडेअकराला म्हणाली, ‘पाठीत भरून आलंय गं. जबडा पण दुखतुय. दाढ हाय का काय.’ घाम आलेला. मी मोबाईलवर तुमच्याच गटांचे मासिक अहवाल भरत होते. मान वर न करता म्हणाले, ‘आत्या, दोन दिवस जेवायची वेळ पाळली नाहीस, पित्त झालं असेल.’ आणि पित्ताची गोळी दिली. मी दिली. ती घेऊन ती झोपली.

पहाटे चारला ती डब्यासाठी उठली आणि ओट्यापाशी पडली. आम्ही काय केलं? शेजारच्या मावशींनी कांदा हुंगवला. मी तोंडात पाणी घातलं. भाऊ तळपाय चोळत होता. कुणी रिक्षा बघायला पळालं. दहा-बारा मिनिटं अशी गेली. १०८ ला फोन करायचं सुचलं तेव्हा रिक्षा दारात आली होती. दवाखान्यात डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली. एकोणपन्नास वर्षांची होती.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं, वाचलं, आणि मग माझ्या पायाखालची जमीन सरकली. हार्ट ॲटॅक म्हणजे छातीत कळ येऊन माणूस छाती धरून पडतो, हे आपण सिनेमात बघितलेलं. छातीत दुखणं बायकांनाही होतंच. पण बायकांमध्ये बऱ्याचदा त्याच्या जोडीनं, कधी त्याच्या ऐवजी, पाठ भरून येते, जबडा किंवा मान दुखते, एक हात जड होतो, दम लागतो, मळमळतं, दरदरून घाम फुटतो, काही कारण नसताना गळून गेल्यासारखं होतं. आणि आपण बायका त्याला काय म्हणतो? पित्त. गॅस. दगदग. असं काही एकाएकी झालं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, ती गाडी फुकट आहे, रात्रीही येते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. माणूस हलवून जागं होत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर सपाट जमिनीवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून जोरात दाबायचं, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, गाडी येईपर्यंत, आळीपाळीनं. कणिक तिंबणाऱ्या हातांना ते जमतं. पुढच्या सभेत ते शिकवायला प्रशिक्षक येणार आहेत, पुतळ्यावर करून बघायचं आहे. प्रत्येक गटातून दोघी तरी या. लाजू नका.

मी गोळी दिली नसती तर आत्या वाचली असती का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मला हे उत्तर आवडत नाही, पण खरं उत्तर तेच आहे, म्हणून मी त्याच्यासोबत राहायला शिकतेय.

आता पुढचं. सकाळी आत्याला घरी आणलं. गावाकडची माणसं यायला दुपार होणार होती. आंघोळ घालायची वेळ आली. तुम्हाला माहीत आहे, सवाष्ण बाई गेली की तिला हिरवं लुगडं, हिरवा चुडा, मळवट, ओटी. विधवा बाईला यातलं काही नाही. आत्या एकोणीस वर्षं विधवा. एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईनं पिशवीतून पांढरी साडी काढली. तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, तिनं जन्मभर तेच बघितलेलं.

इथं थोडं मागं जाते. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाच्या गावानं ग्रामसभेत ठराव केला. तारीख ४ मे. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, हे आमच्या गावात बंद. करोनात तरुण माणसं गेली होती, घराघरात तरुण बायका मागं राहिल्या होत्या, त्यातून हा ठराव आला. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. दोन आठवड्यांनी, १७ मे ला, राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना सांगितलं की हेरवाडसारखं करा. ती बातमी मी मोबाईलवर आत्याला वाचून दाखवली होती. ती लसूण सोलत होती. म्हणाली, ‘माझ्या बांगड्या फोडल्या तवा कुठं होतं गं हे हेरवाड?’ आणि हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही. त्या वर्षी संक्रांतीला तिच्या गटानं ठरवलं की हळदीकुंकवाला सगळ्या सदस्या बसतील, नवरा असलेल्या, नसलेल्या, टाकलेल्या, सगळ्या. आत्या आधी चहा करायच्या निमित्तानं आतच राहिली. गटाच्या अध्यक्षाताईंनी आत जाऊन तिला हाताला धरून आणलं. काचेच्या सहा हिरव्या बांगड्या भरल्या. त्यातल्या दोन भाकरी थापताना फुटल्या, चार शेवटपर्यंत हातात होत्या.

तर त्या सकाळी त्या चार बांगड्या काढायच्या का, हा प्रश्न होता. तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाला काय त्याचं. मी पण एरवी तेच म्हटलं असतं. पण तिथं खोलीत बसलेल्या अकरा बायकांपैकी सहा विधवा होत्या, आणि त्या सगळ्या बघत होत्या. आत्याचं काय होतं यावरून त्यांना स्वतःचं कळणार होतं. मी काही बोलले नाही. घशातून आवाज निघत नव्हता. अध्यक्षाताई उठल्या, त्या स्वतः सवाष्ण आहेत, आणि म्हणाल्या, ‘या बांगड्या आम्ही भरल्यात. आम्ही काढणार नाही. ज्याला काढायच्या त्यानं आमच्या गटाला विचारावं.’ मग आत्याच्या पेटीतली तिची आवडती साडी काढली, डाळिंबी रंगाची, माझ्या पदवीच्या दिवशी नेसली होती ती. कुंकू माझ्या भावानं लावलं. ती म्हातारी बाई थोडा वेळ गप्प बसली आणि पांढरी साडी पुन्हा पिशवीत घातली. जाताना मला म्हणाली, ‘माझ्या वेळी तू असशील का गं?’

फोटोचं सांगते, कारण ही चूक सगळ्यांच्या घरी होते. चौकात फ्लेक्स लावायचा म्हणून फोटो शोधायला लागलो. आत्याचा एकटीचा फोटोच नाही. आधार कार्डावरचा होता, तो तुम्हाला माहीतच आहे कसा असतो. पोराचे फोटो आहेत, माझे आहेत, भाकरीचे आहेत, मेळाव्यात तिनं केलेल्या जेवणाचे चाळीस फोटो आहेत, ती कुठंच नाही, कारण मोबाईल तिच्या हातात किंवा ती चुलीपाशी. शेवटी गटाच्या सहलीतल्या फोटोतून तिला कापून काढलं. फ्लेक्सवर तिच्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, मनगटापर्यंत. तेरा दिवस तो हात चौकात होता. भावाला त्याचा राग यायचा. मला नाही यायचा. तो सचिवताईंचा हात आहे, त्या आत्ता तिथं मागं बसल्यात, पदराआड लपतायत.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मग सुरू झालं. हिची काय इच्छा राहिली? एक काका म्हणाले, पोराचं लग्न. भाऊ म्हणाला, करतो. कावळा ढिम्म. कुणी म्हणालं, पंढरपूर. कुणी म्हणालं, गावाकडं देवीला साडी. मग भाऊ पुढं झाला आणि मोठ्यानं म्हणाला, ‘आई, गटाचं कर्ज मी फेडतो.’ त्याच वेळी आत्याची एक मैत्रीण म्हणाली, ‘पोरांचे डबे बंद पडू देत नाही गं.’ आणि कावळा आला. आता कशाला आला यावर अजून वाद आहे. भाऊ म्हणतो कर्जाला, मैत्रीण म्हणते डब्याला. भटजी म्हणाले, वारा पडला म्हणून आला. मी कोणत्याच बाजूनं नाही. पण एक सांगते, तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्या पाऊण तासात आत्याबद्दल विचार करावा लागला, तिला काय हवं असेल याचा. एरवी कोण करतं?

कर्जाचा हिशोब असा होता. मोठी शेगडी आणि फ्रीज घ्यायला आत्यानं गटातून साठ हजार घेतले होते. बावीस हजार बाकी. तिची बचत गटात अकरा हजार चारशे. गटानं सभा घेतली, ठराव लिहिला, बचत वजा केली, राहिले दहा हजार सहाशे. त्यावर व्याज लावायचं नाही, महिन्याला हजार द्यायचे. भाऊ चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडं आहे, देतो दर महिन्याला. हे मी मुद्दाम सांगतेय. काही गटांत सदस्य गेली की दुसऱ्याच दिवशी वसुलीला जातात, आणि काही गटांत लाजेनं विषयच काढत नाहीत आणि गट बुडतो. दोन्ही करू नका. सुतक संपू द्या, मग सभा घ्या, घरच्यांना बोलवा, आणि जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा.

आता वही. आत्या चौथी शिकलेली. डब्यांच्या हिशोबाची तिची लांबडी वही होती, किराणा दुकानात असते तशी. महिनाभर मी ती उघडली नाही. मग पोरांचे पैसे किती येणं आहे बघायला उघडावी लागली. एका बाजूला पोराचं नाव किंवा खूण, म्हणजे ‘चष्मा’, ‘लातूर’, ‘उंच’, ‘रात्रपाळी’, असं. मग किती डबे, किती पैसे आले, किती बाकी. आणि शेवटच्या रकान्यात तिची टिपणं. ‘कांदा नको गुरवारी.’ ‘दोन चपात्या जास्त लागतात, मागत नाय, घालायच्या.’ ‘मुळव्याध. तिकट कमी.’ ‘नोकरी गेली. मागू नये.’ एका पोराच्या नावापुढं लिहिलं होतं, ‘आई वारली. तीन मैने पैसे मागायचे नाय. गोड पाठवायचं.’

हे वाचून मी पहिल्यांदा रडले. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही. त्या रकान्यावर.

येणं चौदा हजार तीनशे होतं. आम्ही कुणाकडं मागायला गेलो नाही. पोरं स्वतः आली. काहींनी वहीत होते त्यापेक्षा जास्त आणून दिले, आम्ही परत केले तर घेतले नाहीत. एक जण चेन्नईला बदलून गेलेला, त्यानं फोनपेवर पाठवले आणि खाली लिहिलं, ‘मावशीकडे बाकी होती.’ एका पोरानं बुडवले. त्याचं नाव मला माहीत आहे, पण वहीत त्याच्यापुढं ‘घरची परस्थिती’ एवढंच लिहिलंय, त्यामुळं मी पण काही बोलत नाही.

डबे आत्याचा गट चालवतो आता. शेहेचाळीसचे अडतीस झाले होते, पुन्हा चव्वेचाळीस आहेत. टिपणांचा रकाना चालू ठेवलाय.

तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी टीव्हीवर ‘उंच माझा झोका’ बघितली असेल, रमाबाई रानड्यांची. मालिकेत लहानपण आणि संसार जास्त दाखवला, मला पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रमाबाईंचं लग्न झालं. नवरा, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, एकतिशीचे. पहिली बायको नुकतीच वारलेली. विधवाविवाहाच्या बाजूनं बोलणारा मोठा माणूस, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा वडिलांच्या आग्रहापुढं नमून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. मग त्यांनीच तिला लिहायला-वाचायला शिकवलं, आणि बाई शिकते म्हणून घरातल्या मोठ्या बायकांचे टोमणे तिनं सोसले. १६ जानेवारी १९०१ ला रानडे गेले. रमाबाई तेव्हा अडतिशीत. मुंबईहून त्या पुण्याच्या घरी आल्या आणि वर्षभर घराबाहेर फारशा पडल्याच नाहीत. वर्षभर! आपण तेराव्यानंतर माणसाला म्हणतो, ‘आता सावर.’ मग त्या बाहेर पडल्या, येरवड्याच्या तुरुंगात बायका कैद्यांना भेटायला जायला लागल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, बायकांच्या शिक्षणाचं. आणि १९१० मध्ये त्यांचं पुस्तक आलं, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’.

नऊ वर्षं लागली बघा. आणि त्या पुस्तकात फक्त नवऱ्याची आरती नाही. लग्न कसं झालं ते आहे, घरातली भांडणं आहेत, अपमान आहेत. प्रेम आहे म्हणूनच सगळं लिहिलं असं मला वाटतं. मोठ्या न्यायाधीशाच्या बायकोला लिहिता आलं, आपलं काय, असं म्हणू नका. इथं शेजारी मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बायकांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी जात्यावर म्हटलं. आई गेली, भाऊ गेला, सगळं ओवीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी अशा एक लाखाहून जास्त ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या. त्या बायकांच्या नावानिशी नोंदल्यात. आत्याला पण ओव्या यायच्या. पुरणाला डाळ वाटताना म्हणायची. मी कधी मोबाईल पुढं धरला नाही. तिचा आवाज माझ्याकडं आहे तो व्हॉट्सॲपवर, एकोणीस सेकंदांचा, ‘येताना कोथिंबीर आण, आणि दुकानदाराला म्हण कालची जुडी सडकी होती.’ एवढाच.

म्हणून रमाबाईंचं बघून मीही आत्याचं सगळं सांगते. ती तापट होती. धाकट्या जावेशी तीन वर्षं बोलली नाही, एका स्टीलच्या डब्यावरून. प्लास्टिकच्या पिशव्या साठवायची, गादीखाली शंभरेक निघाल्या. आणि मिश्री लावायची. मी गावोगाव तंबाखू सोडा म्हणून सांगत फिरते आणि माझ्या घरात डबी. मला म्हणायची, ‘तुझ्या बायकांना सांगू नको.’ आता सांगितलं. मिश्रीचा पण हृदयावर परिणाम होतो, तर ज्या ज्या ताई आत्ता खाली बघतायत त्यांनी माझ्याशी नंतर बोला.

आता माझी विषयपत्रिका. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा, वर्षाला ४३६ रुपये, बँक खात्यातून आपोआप कापले जातात, मृत्यू कशानंही झाला तरी वारसाला दोन लाख. वय १८ ते ५० मध्ये घ्यावा लागतो, एकदा घेऊन दर वर्षी चालू ठेवला तर ५५ पर्यंत चालतो. नवीन घेतल्यावर पहिले तीस दिवस फक्त अपघाती मृत्यूलाच मिळतात. दुसरा, सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, फक्त अपघाताचा, दोन लाख, १८ ते ७० वय. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून मे महिन्यात खात्यात तेवढी शिल्लक ठेवायची. ज्यांची माणसं कंपनीत आहेत आणि पी.एफ. कापला जातो, त्यांना वेगळा विमा असतो, सात लाखांपर्यंत, त्यासाठी पी.एफ.मध्ये वारसाचं नाव भरलेलं आहे का ते आज रात्रीच विचारा. ठेकेदाराकडं असली तरी विचारा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, ग्रामपंचायतीत किंवा इथं महापालिकेत. आणि नाव. आत्याचं आधारवर एक नाव, पासबुकावर सासरचं वेगळं, रेशनकार्डावर तिसरंच. दाखला काढताना भावाच्या चार रजा गेल्या, ठेकेदारानं पैसे कापले. आजच तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा.

आत्याचा जीवनज्योतीचा फॉर्म मी भरला नव्हता. रहाटणी-काळेवाडीतल्या एकशे बारा बायकांचे भरून घेतले होते. तिला पन्नास पूर्ण व्हायला सात महिने होते. फॉर्म माझ्या बॅगेत होता, तिची सही तेवढी राहिली होती. रोज रात्री आम्ही एकाच खोलीत झोपायचो. तो कोरा फॉर्म अजून माझ्याकडं आहे.

मी आज एक नवी वही आणलीय, लांबडी, तसलीच. प्रत्येक गटाला एक देणार आहे. पहिल्या पानावर सदस्येचं नाव तिन्ही कागदांवर कसं आहे ते. मग खातं, विमा, वारस. त्याखाली अर्धं पान मोकळं सोडलंय. त्यात तिनं स्वतःबद्दल जे वाटेल ते सांगायचं, लिहिता येत नसेल तर दुसरीनं लिहायचं. कुंकू लावायचं की नाही, कोणती साडी, हे सुद्धा. ती म्हातारी मावशी, पांढऱ्या साडीवाली, तिचं पान मी मागच्या आठवड्यात गावी जाऊन लिहून आणलं. हिरवी म्हणाली. नऊवारी, काठाची.

फोटोवाला पण बोलावलाय, बाहेर बसलाय. एकेकीचा काढायचा, एकटीचा. सचिवताई, आधी तुम्ही चला. हात खाली ठेवा.